पोच

गोपेंगच्या बाजारात, कॉफीच्या दुकानाला लागून
आमचं दुकान आठ फूट रुंद.
पुढे काउंटर, मागे मी, माझ्यामागे भट्टी.
पाटीवर अजून सासऱ्यांचं नाव,
त्यातल्या एका अक्षरात पाकोळ्यांचं घरटं.

चिन तेत-खियोंग आला तो भर बाराला,
गाडी चालूच ठेवून.
क्वालालंपूरला विम्याच्या कंपनीत मोठा आहे म्हणे;
नुकसान मोजायची सवय बोटांना दिसते.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी त्याने पुढे सरकवली:
"आईची. मागच्या महिन्यात गेली.
पोचे काढा, झिलई द्या.
काचेच्या कपाटात ठेवायचीय."

डबी मी लगेच ओळखली.
केलेलं काम माणूस विसरतो, केलेली चूक नाही.
झाकणाच्या काठाने बांबूच्या कोंबांची ओळ,
सारोंगवर असते तशी, त्रिकोणाला त्रिकोण लागून,
आणि शेवटचा कोंब, जागा पुरली नाही म्हणून,
अंग चोरून उभा.
एकवीस वर्षांची होते मी.

कथील तिनेच आणलं होतं.
यप न्युक-यिन. कमरेइतक्या पाण्यात
लाकडी परात फिरवणारी,
गाळातून रेती, रेतीतून काळी, काळीतून जड
तेवढीच राखणारी.
परवान्यावर लिहायची तेवढी लिहिली,
उरलेली...
जाऊ दे, विचारणारा साहेबही आता मातीत आहे.
सातवा महिना होता तिला.
"डबी कर," म्हणाली,
"आत काय ठेवायचं ते मागून बघू."

सोन्याला दगडाची कसोटी, कथलाला कागदाची.
वितळलेल्या रसात रद्दीची पट्टी बुडवायची:
तपकिरी झाली तर ओतायचं,
काळी पडली तर दम धरायचा.
शुद्ध कथलाची कांब वाकवली तर ती कण्हते,
खरंच, कानाशी धरून बघा.
थोडं तांबं, थोडं अँटिमनी मिसळलं
की गप्प होते, कामाला येते.
सासरे म्हणायचे, घरात आलेली सून तशी.
मी तेव्हा हसले होते.

तर, पोचे.
भिंग लावलं.
पडल्याचे नव्हते; पडलेली डबी एका अंगाला बसते.
हे चार, झाकणाच्या कोपऱ्यावर,
दोन वरून, दोन आतून,
भाताच्या शितासारखे.
नेमके माझ्या त्या बुटक्या कोंबाच्या डोक्यावर.

झाकण निघायला वेळ लागला.
आत चिमूटभर काळी रेती
आणि रेतीत रुतलेला
दुधाचा दात.

चिमट्याने उचलून मी तो एका खळग्यात टेकवला.
बसला.
थोडा सैल; इतक्या वर्षांत कथील झिजतं.
किंवा दात.

तेत-खियोंग काही बोलला नाही.
ओठांच्या आतून त्याची जीभ
पुढच्या दातांवरून एकदा फिरली, ती मला दिसली.
मग बाहेर जाऊन
त्याने गाडी बंद केली.

रानातलं खरबरीत पान असतं एक,
वाळवून पुन्हा भिजवलं की भांडं उजळतं.
त्याच पानाने मी डबी घासली,
कोंबांच्या फटीफटीतून, बुडाला, कडांना,
आणि कोपऱ्याशी आले की
पान उचलून पलीकडे ठेवलं.
तो स्टुलावर बसून बघत होता.
कॉफी मागवली, प्याला नाही.

मग रीतीप्रमाणे पोच लिहिली:
डबी, एक. दात, एक.
रेती, वजन केलेलं नाही.
पोचे, चार, मालकाच्या सांगण्यावरून ठेवले.

सही करता करता तो थांबला.
"चार नाहीत," म्हणाला, "पाच,"
आणि बोट ठेवलं बुडाशी,
जिथे मला काहीच दिसलं नाही.
भिंगातूनही नाही.

नुकसान मोजण्यात ज्याची हयात गेली
त्याच्याशी वाद कोण घालणार?
मी चारावर काट मारली
आणि पाच लिहिले.